सरका, एक जण बसंल

वर्गात शिरल्या की बाई आधी तळहात उलटा करून हवेत आडवा फिरवायच्या. "सरका रे, एक जण बसंल अजून." मग बसकरपट्टीवरची पोरं एकमेकांना चिमटे काढत सरकायची आणि दारातलं नवं लेकरू आत यायचं. औसा रोडवरच्या आमच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. मी त्यांच्या हाताखाली चौथीला शिकवायचो.

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या वसाहतीत एका प्लॉटवर एकच घर हा नियम गेला. वर-खाली, पुढे-मागे खोल्या चढवायची परवानगी मिळाली. दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं, पण स्लॅबवर मारायला टँकर बरोबर यायचे. असले टँकर तुम्हीही पाहिले असतील. त्या खोल्यांत नव्या कचेऱ्यांतले कारकून आले, जळकोटकडून गाव सोडून आलेली माणसं आली. शाळेच्या खोल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या.

एके दिवशी घरमालक शाळेत आले. पुढे अण्णा, सगळ्यात जास्त खोल्या त्यांच्याच. भाडेकऱ्यांची पोरं घेऊ नका, आमच्या लेकरांना पाय पसरायला जागा नाही, असं त्यांचं म्हणणं. भाडं चालतं आणि लेकरं चालत नाहीत, याचा मला संताप आला. मी काही बोलणार तोच बाईंनी डोळ्यांनी गप्प केलं.

शेवटी अण्णांनी तोड काढली. "त्यांची बसू द्या भाइर व्हरांड्यात. आत आमची."

बाईंचा चेहरा उतरला. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून त्या म्हणाल्या, "बसवते भाइर. पण पाळीनं. उद्या तुमचा नातू, परवा त्यांचं लेकरू."

बदलीची धमकी देऊन मंडळी गेली. मला वाटलं, बाई नुसतं बोलल्या असतील. दुसऱ्या दिवशी अण्णांचा नातू खरंच व्हरांड्यात होता. बातमी कळताच अण्णा तरातरा आले. नातू ऊन लागू नये म्हणून डोक्यावर पाटी धरून बसला होता. अण्णांनी त्याच्या डोक्यावरची पाटी सरळ केली आणि परतले. दुपारी त्यांनी आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्यांची किल्ली पाठवली. माझा वर्ग तिकडे गेला आणि सगळी लेकरं आत बसली.

पण तक्रार आधीच गेली होती. बाईंची बदली निलंग्याकडे झाली.

स्टँडवर पोचवायला गेलो तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी एवढ्या हट्टाला का पेटलात?

"सर, मी गावच्या शाळेत दाराभाइर बसून शिकले. फळा दिसायचा न्हाई. आम्हा गावकुसाभाइरच्या लेकरांना मास्तर म्हणायचे, आत जागा न्हाई." त्यांनी ट्रंक पायाशी ओढली. "आत अर्धा वर्ग रिकामा असायचा."

गाडी आली ती खच्चून भरलेली. बाई ट्रंक घेऊन चढल्या आणि दाराशीच अडकल्या. मी खिडकीबाहेरून आतल्या लोकांकडे बघत तळहात उलटा करून हवेत फिरवला. कुणाचं लक्ष गेलं नाही. गाडी सुटली तेव्हा बाई दाराशी उभ्याच होत्या.