मडक्यातलं खरकटं

नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या संध्याताईंच्या घरात खरकट्या भांड्याने कधी रात्र काढली नव्हती. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या पुण्याहून इथे आल्या, डच शिकल्या आणि वेळ जाईना म्हणून एका संग्रहालयाच्या कोठारात बिनपगारी काम करू लागल्या. काम एवढंच, मऊ ब्रशने धूळ झटकायची. ब्रशने काही स्वच्छ होतं, यावर त्यांचा विश्वास नव्हता, हा भाग वेगळा.

त्या दिवशी पुढ्यात आलं ते दक्षिण अमेरिकेच्या आंडीज पर्वतातल्या एका पाचशे वर्षांपूर्वीच्या थडग्यातलं मडकं. बाहेर काजळी, आत तळाला काळी, कडक खरवड. कुण्या बाईला तिच्या चुलीवरच्या भांड्यासकट पुरलं होतं. संध्याताईंना कसंसंच झालं. मेलेल्या बाईला निदान घासून तरी द्यायचं! त्यांनी फडकं ओलं केलं. जे निघेना ते नखाने काढलं. मग साबणाने हात धुऊन डबा खाल्ला. पोळी आणि बटाट्याची भाजी.

दुपारी संशोधक मार्लूस आली, मडक्यात डोकावली आणि पांढरीफटक पडली.

“आतला थर कुठे गेला? तिने शेवटचं काय शिजवलं, ते त्यातच होतं. माझा अख्खा प्रबंध त्यावर आहे! ज्यांनी हे पाठवलं त्यांनीच धुतलं असणार. आत्ताच जाब विचारते.”

संध्याताईंनी बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला.

“धुतलंस?” शिरीष म्हणाला. “शाबास! पाचशे वर्षं राहिलेली भांडी तू एका सकाळीत उरकलीस.”

“थट्टा पुरे. सांगू का तिला?”

“वेडी आहेस का? तुझ्यावर कोण संशय घेतंय?”

कोणीच घेत नव्हतं. तेच तर लागलं.

त्या आत गेल्या. “मार्लूस, ते मी धुतलं. खरकटं होतं.”

“काय होतं?”

संध्याताईंना डच शब्द सापडेना. मराठी शब्द होता, पण तो आता स्वतःलाच ऐकवेना.

मार्लूस ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हळूच विचारलं, “फडकं?”

“नळाखाली पिळलं.”

“नखं दाखव. तिथे तरी थोडं उरलं असेल.”

पन्नाशीच्या संध्याताईंनी शाळकरी पोरीसारखे दोन्ही हात पुढे केले. मार्लूसने दिवा ओढला आणि अंगठ्याच्या नखाखालचं सुईने काचेवर काढलं. काळ्यात पिवळं होतं.

“हे पिवळं काय?”

“हळद,” संध्याताई म्हणाल्या. “माझी.”

दोघींची जेवणं एकत्र झाली होती. मार्लूसने सुई खाली ठेवली. संध्याताईंचे हात मात्र तसेच पुढे राहिले. ते मागे घ्यायला कोणी सांगितलं नव्हतं.