धाकटीचा उतरता खांदा

शिंपीणताईचा जळफळाट शिल्पप्रदर्शनाच्या फाटकापासूनच सुरू झाला. चहूकडे शेतं, मधल्या माळावर पुतळे मांडलेले, आणि पायवाटेवरून तिची धाकटी बहीण, ताईनंच शिवलेला कोट घालून, अशी पुढे चाललेली, जणू सगळा माळ हिच्याच नावावर!

धाकटी बेकरीत काउंटर सांभाळते. तिथं पाव घ्यायला येणाऱ्या शिल्पकारानं विचारलं, पुतळ्यासाठी उभी राहशील का? ही राहिली. तो पुतळा बघायला आज ताई नवऱ्याला घेऊन आली होती. मनातून इच्छा एकच, पुतळा फसलेला असावा.

"अगं, या दगडाला एवढं भोक कशाला पाडलंय?" वाटेतल्या एका शिल्पाशी थांबून नवऱ्यानं विचारलं.

"वारा जायला!" ताई खेकसली.

ताई माणसाचा चेहरा नंतर बघते, आधी शिवण बघते. धाकटीचा डावा खांदा जन्मापासून उतरता. आई गेल्यावर तिचे कपडे ताईच शिवू लागली आणि प्रत्येक कपड्यात डावीकडे एक जादा पॅड गुपचूप बसवू लागली. कुणाला पत्ता लागला नाही. "धाकटीचे खांदे बघावेत," असं बायका म्हणत तेव्हा ताई आतून फुगायची. ते खांदे तिनं घडवले होते.

पुतळा गवतात उभा होता. ब्राँझचा, अंगात साधा सदरा आणि डावा खांदा जसाच्या तसा, उतरता. समोरचं एक जोडपं हलेना.

"त्या खांद्यातच सगळी जान आहे," त्यातली बाई म्हणाली.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कशी दिसते गं?" धाकटीनं विचारलं.

"खांदा पडलाय."

"माझाच आहे तो, ताई. मीच सांगितलं त्याला, झाकू नका म्हणून."

"त्याला सांगितलंस? आणि मला कधी तोंड उघडून बोलली नाहीस?"

"तू इतक्या हौसेनं पॅड घालायचीस. म्हटलं, कशाला मन मोडा."

म्हणजे इतकी वर्षं ही आपलं मन राखत होती! ताईनं हात पुढे केला. "कोट काढ."

तिथंच गवतात बसकण मारून तिनं पिशवीतल्या कात्रीनं अस्तर उसवलं, पॅड उपटलं आणि चार टाके घालून कोट परत दिला. "घाल. दिसू दे जगाला!"

रागाच्या भरात ती एक विसरली. कोट बेतलाच होता पॅड धरून. कॉलरपासून काखेपर्यंत भली मोठी चुणी पडली.

"खुंटीवर टांगल्यासारखा दिसतोय," नवरा हसला.

"तुम्ही गप्प बसा!"

"राहू दे गं, असाच घालीन," धाकटी म्हणाली.

"माझ्या हातचा कपडा असा घालून फिरशील? काढ आधी. उद्या दुकानात ये, नव्यानं माप घेते. पॅड नाही घालणार. पण त्या माणसापुढे पुन्हा उभी राहिलीस, तर याद राख."

धाकटी नखानं कोटाचं बटण खरवडू लागली. "त्यानं विचारलंय, ताई. पुढच्या महिन्यापासून. मी हो म्हटलंय."

ताईनं तोंडात टाचण्या धरल्यासारखे ओठ आवळले. जोडपं अजून पुतळ्यापुढेच होतं.

"मग मीही येणार," ती म्हणाली. "त्याला सांग, एक खुर्ची ठेव. पाठ टेकता येईल अशी."