'इनकॉन्ट्रोव्हर्टिबल' पुरावा आणि हळवं भात

"वकीलबाई, असं काय लिवलंय ह्या कागदात? तुमचं तोंडच उतरलं की."

हौसाबाईंचं बरोबर होतं. मी भोरला वकिली करते, हौसाबाई मार्गासनीकडच्या. त्यांच्या भातखाचराकडे जाणारी गाडीवाट शेजारच्या जमिनीतून होती. ती जमीन नव्या मालकांनी घेतली आणि तारेचं कुंपण घातलं. आता कापलेलं भात खळ्यावर न्यायचं कुठून? आम्ही वेल्ह्याला तहसीलदारांकडे रस्त्याची केस लावली. समोरच्या वकिलांचं इंग्रजीत उत्तर आलं: सॅटेलाइट फोटोत वाट नाहीच, आणि हा पुरावा 'इनकॉन्ट्रोव्हर्टिबल' आहे.

असल्या शब्दांचं मला भारी कुतूहल. लगेच डिक्शनरी काढली. 'कॉन्ट्रोव्हर्ट' म्हणजे एखादं म्हणणं खोडून काढणं. जे खोडताच येत नाही, ते इनकॉन्ट्रोव्हर्टिबल. आपलं निर्विवाद. हा शब्द वस्तुस्थितीला लावतात, मताला नाही. तोरणा वेल्ह्याच्या डोक्यावर उभा आहे, हे निर्विवाद. तो राजगडापेक्षा देखणा आहे हे माझं मत, त्यावर खुशाल भांडा.

"म्हणजे यावर बोलायला जागाच नाही, असं ते म्हणतात, मावशी."

"मग आपल्याला इचारलं कशापायी?"

खरं सांगते, त्या शब्दाने मी टरकले होते आणि तडजोडीचं बोलणार होते.

मावशींनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "ह्यो आवणीनंतरचा हाय, रोपं लावून झाल्यावरचा. समदं हिरवंगार. ह्यात वाट कशी दिसंल? वाटंवर भात लावत्यात."

"वाटेवर भात? हे आधी का नाही सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं? समद्यांस्नी ठावं हाय."

मला ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात खाचरातून गाडी चालतच नाही, मग जागा रिकामी कशाला ठेवा? वाटेच्या पट्ट्यात हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात लावतात. ते आधी कापलं की वाट मोकळी होते आणि मागच्या खाचरांतलं गरवं, उशिरा पिकणारं भात तिथून बाहेर निघतं.

जमीन विकली तरी तिथे भात लावणारा गडी जुनाच होता, म्हणजे यंदाही वाटेवर हळवंच असणार. मी स्थळपाहणीचा अर्ज दिला, म्हणजे तहसीलदारांनी स्वतः येऊन जागा बघावी असा. तारीख मावशींनी सुचवली: "दसऱ्याच्या आगंमागं मागा."

त्या दिवशी आम्ही सगळे बांधावर उभे राहिलो. खाचर हिरवं होतं. त्याच्या मधोमध, कुंपणापासून थेट मावशींच्या बांधापर्यंत, गाडी जाईल एवढा रुंद पिवळा पट्टा होता. मला इतका आनंद झाला की तोंडावर पदर धरावा लागला. समोरचे वकील चष्मा पुसत राहिले.

तहसीलदारांनी गड्याला विचारलं, "इथंच वेगळं भात का लावलं?"

"वाट हाय न्हवं ती, सायेब."

आदेश आमच्या बाजूने झाला. कुंपणाला फाटक बसलं आणि मावशींचं भात दिवाळीनंतर खळ्यावर पोचलं. आदेशात तो भारदस्त शब्द कुठेच नव्हता. पुरावा खरोखर निर्विवाद असला, तर तसं लिहावं लागत नाही. कुणी लिहिलेलं दिसलं, की हल्ली मी आधी फोटोवरची तारीख बघते.