एकतीस वेळा मेलेला लिसांद्रो

स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या आमच्या बॉइल हाइट्स वस्तीत लिसांद्रो अर्बिनाइतका मरणाचा सराव कुणालाच नाही. पडद्यावर तो एकतीस वेळा मेला. कधी अपाची आदिवासी म्हणून घोड्यावरून पडून, कधी मेक्सिकन डाकू म्हणून, कधी क्यूबाचा गुंड म्हणून. स्टुडिओवाल्यांना एक सावळा चेहरा सापडला की देश बदलायला नुसती टोपी पुरते.

समोरच्या गल्लीतली ओब्दूलिया चर्चच्या साप्ताहिकात सिनेमावर लिहायची आणि भल्याभल्यांची सालटी काढायची. आपला माणूस पडद्यावर आला तेव्हा हातात झाडू होता की सुरा, आणि पुढे किती मिनिटं जगला, एवढंच ती बघे. रविवारी माझ्या बेकरीत पावाआधी तो अंक संपायचा. याचं मला अजून वाईट वाटतं.

लिसांद्रो धूर्त. मुलगी झाली तेव्हा बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून त्याने ओब्दूलियालाच उभं केलं. झाले दोघं कोम्पाद्रे-कोमाद्रे, म्हणजे लेकराचा बाप आणि धर्ममाता. या नात्यात भांडण म्हणजे पाप, मग ती वाईट लिहिणार कशी? तिनेही तोड काढली. तेवीस वर्षं त्याच्या एकाही सिनेमावर अक्षर लिहिलं नाही. आणि बाईंनी ज्याच्यावर लिहिलं नाही, तो आमच्याकडे नटच नव्हे. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

गेल्या वर्षी त्याला पडद्यावर पहिल्यांदाच बोलायला मिळालं. तीन वाक्यं. बेकरीत तो तिच्यापुढे टोपी काढून उभा राहिला.

"कोमाद्रे, या वेळी लिहा."

"खोटं लिहिता येत नाही मला, कोम्पाद्रे."

"मग वाईट लिहा. पण लिहा हो. साठी उलटली माझी."

"आणि नातं?"

"पाप माझ्या माथी. पाद्रीबाबांना मी सांगतो."

तिने लिहिलं: 'सिनेमा टाकाऊ. तिन्ही वाक्यं शेरीफपुढे भीक मागणारी. पटकथा लिहिणाऱ्याने आमच्यातला एकही म्हातारा पाहिलेला नसावा. लिसांद्रो अर्बिना दोन वाक्यांत अडखळतो. तिसऱ्यात त्याची मान ताठ आहे. मग गोळी लागते.'

लिसांद्रोने ते गल्ल्यापाशी उभ्याउभ्याच वाचलं. मी म्हटलं, "सोललंच की रे बाईंनी तुला!" त्याला ऐकूच गेलं नाही. बोट एका ओळीवर होतं, आणि डोळ्यांना धार लागली होती.

"दिग्दर्शक सारखा ओरडत होता, मान खाली घाल म्हणून," तो म्हणाला. "अकरा वेळा घातली. बाराव्या वेळी नाही घातली. मला वाटलं, कुणी पाहिलंच नाही."