पितळखोऱ्याच्या पायऱ्या आणि कुरडयांच्या गच्चीवरचं ऊन

सासूबाईंना मरायच्या आधी एकदा पितळखोऱ्याची लेणी बघायची होती. त्यांचं माहेर पिशोरचं. लहानपणी बैलगाडीतून त्या लेण्यांत गेल्या होत्या, तेव्हाचे दगडी हत्ती अजून डोक्यात. दोनदा जायचं ठरलं नि दोन्ही वेळा माझ्या पाळीमुळं मोडलं. तिथं खाली दरीत पुष्कळ पायऱ्या उतराव्या लागतात, सासूबाईंचे गुडघे दुखरे, आणि हात धरायला त्यांना मीच लागते. "तू नाय तर मी नाय," एवढंच त्यांचं म्हणणं. आणि मला पॅडनं मांड्यांना चट्टे उठतात. त्यात चढउतार म्हणजे शिक्षाच.

या वेळी माझ्या लेकीनं, गौरीनं, मोबाइलवरून धुऊन परत वापरायच्या पीरियड पँटी मागवल्या. बाहेरून साधी चड्डी, आतून रक्त शोषणारा जाडसर पदर शिवलेला. मी म्हटलं, दोनच घे, पटलं तर पुढचं बघू. घरी एक महिना वापरली नि पटली. पहिल्या दिवशी दोन लागतात, नंतर एक पुरते.

फाल्गुनातल्या एका शनिवारी आम्ही तिघी आमच्या पडेगावच्या थांब्यावर कन्नडच्या एसटीत चढलो. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढं फुकट. कंडक्टरनं सासूबाईंकडं आधार कार्ड मागितलं. "तोंडाकडं बघ की बाबा. का दात मोजतो?" सगळी गाडी हसली, पण कार्ड दाखवावंच लागलं. तुम्हीही जवळ ठेवा.

वेरूळला उतरलो तोवर पोटात कळ आली. तारीख जवळ होती म्हणून एक पँटी घालूनच निघाले होते, त्यामुळं धावपळ झाली नाही. पण घृष्णेश्वराच्या दारातून मी मागं फिरले.

गौरी चिडली. "आई, आत कुणाला कळतंय?"

"ज्याला भेटायला आलोय त्याला कळतंय ना."

माझा नेम आहे, मी पाळते. त्या दोघी आत गेल्या नि मी लिंबाखाली बसून कळसाला हात जोडले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मनात धाकधूक दुसरीच होती: उद्या सासूबाईंचं पुन्हा राहतंय की काय.

कन्नडला गाडी बदलून दुपारी पिशोरला पोचलो. सासूबाईंचा भाचा विलास नि त्याची बायको मंगल यांच्याकडं मुक्काम. मंगलनं गरम पिठलं, ज्वारीची भाकरी नि ठेचा वाढला. मी अडचण सांगितली, तशी ती हळूच म्हणाली, "वहिनी, राग नका मानू, पण गच्चीवर तेवढं येऊ नका. कुरडया घातल्यात. लाल पडतात म्हणतात."

राग कसला? आमच्याकडंही तसंच.

संध्याकाळी पँटी बदलली. मंगलनं बंबातलं पाणी काढलं, तर मी नको म्हटलं. गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. गार पाण्यात भिजवायची, लालपणा जाईस्तोवर दाबून दाबून पाणी काढायचं, मग थोडा साबण. पिळायची नाही, कपडे मऊ करायचं औषध घालायचं नाही. सगळं नीट केलं. आणि शेवटी आईनं लहानपणी शिकवलं तेच केलं: न्हाणीमागच्या दोरीवर टाकून वर गौरीचा टॉवेल पसरला. कुणाला दिसायला नको.

सकाळी हात लावला तर गच्च ओली. दुसरी अंगावर भरलेली. विलासभाऊजींची जीप साडेसातला दारात उभी. मी गौरीला म्हटलं, "तुम्ही जा. मी थांबते."

सासूबाईंनी ऐकलं. "कुठं वाळत घातलीस?"

"टॉवेलखाली."

"का? थंडी वाजती व्हय तिला?"

त्यांनी टॉवेल बाजूला केला, पँटी झटकली नि जिन्याकडं चालू लागल्या.

"आत्याबाई, वर कुरडया आहेत!" मी मागून ओरडले.

"ठाऊक हाय. हा नेम तुला लावला कोणी? मीच ना?" दोन दोन पायऱ्यांवर दम घेत त्या वर गेल्या. वरून मंगलचा आवाज आला, "अगं बाई आत्या! इथं? कुरडया लाल पडतील हो!"

"पडल्या तर मी खाईन सगळ्या. चिमटा दे."

खालून भाऊजी ओरडले, "आत्या, निघायचं ना? ऊन वाढंल!"

"वाढू दे. माझे गुडघे तापू दे आधी."

गुडघ्यांचं निमित्त करून ती म्हातारी साडेदहापर्यंत गच्चीवर बसून होती. हातात काठी, कावळे हाकलत, शेजारी चिमट्याला माझी पँटी. मी खाली अंगणात उभी. वर जायची सोय नव्हती, नाहीतर पाया पडले असते.

पँटी खडखडीत वाळली, ती घातली नि अकराला निघालो. पितळखोऱ्याला जाताना पाणी नि खायचं घरूनच न्या, तिथं काही मिळत नाही. वानरं आहेत, पिशवी घट्ट धरा. एक हात कठड्यावर नि एक माझ्या खांद्यावर ठेवून सासूबाई उतरल्या. मला ना टोचलं, ना एकदा मागं वळून साडी बघावी लागली. हत्तींच्या रांगेपुढं त्या थांबल्या. एकाच्या पायाला हात लावून म्हणाल्या, "केवढा वाटायचा गं तेव्हा! लई मोठा." नि डोळे पुसले.

परत आलो त्याला महिना झाला. घृष्णेश्वराचं दर्शन राहिलंय, ते माझ्या-त्याच्यात आहे, जाईन. तिसरी पँटी घेतली. ती आता आमच्या दारच्या दोरीवर उघड्या उन्हात वाळते.

मंगलनं निघताना बांधून दिलेल्या त्याच गच्चीवरच्या कुरडया पाडव्याला तळल्या. सासूबाईंनी चष्मा लावून एकेक उजेडात धरली. मग म्हणाल्या, "मंगलला फोन लाव."

"हां मंगल, एक बी लाल नाय पडली बघ. तरी बी सगळ्या मीच खाणार होते, पण ह्या मायलेकी ठेवतील तर ना!"