पाच पोगेनहोर्स्ट उरले तेव्हा

नवी टेलिफोन डिरेक्टरी घरात आली की लोक आधी आपला नंबर बरोबर छापलाय का ते बघतात. माझा शेजारी आन्टोन पोगेनहोर्स्ट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा, चष्मा पुसायचा आणि आपल्या आडनावाची माणसं मोजायचा. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली एकोणीस निघाली. देश पुन्हा एक झाला त्या वर्षी अकरा. पुढे लोकांनी डिरेक्टरीत नाव देणंच सोडलं, तेव्हा त्याने आडनावांचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापकांना पत्र टाकलं. उत्तर आलं: साऱ्या जर्मनीत पाच.

त्या पाचांचा हिशेब करायला प्राध्यापकांची गरज नव्हती. एक आन्टोन स्वतः. एक त्याचा चुलतभाऊ क्लेमेन्स, जो कॅथलिक पाद्री, म्हणजे ब्रह्मचारी आहे. दोन वृद्धाश्रमातल्या बहिणी, दोघींनी लग्नं केली नाहीत. आणि पाचवी आन्टोनची एकुलती एक मुलगी वीब्के, वय तेहतीस, जिचं लग्न येत्या शुक्रवारी अकरा वाजता येन्स श्मिट नावाच्या सुताराशी ठरलं होतं.

श्मिट, म्हणजे लोहार, आमच्याकडे पावलोपावली मिळतात. आमच्या ओस्टेरफेन गावात साडेचारशे डोकी, त्यात श्मिटांची सात घरं.

आन्टोनबद्दल थोडं सांगते, म्हणजे तो नुसता हट्टी म्हातारा वाटणार नाही. त्याने चाळीस वर्षं पाणी संघात चरांतला गाळ काढायचं काम केलं. आमची जमीन सखल आणि ओली. चर साफ नसले की मार्चमध्ये तळघरात बटाटे तरंगतात. आन्टोन कमरेपर्यंत रबरी बूट चढवून हिवाळाभर चरात उभा असायचा. घरच्या आठ गाई, थोडं राय नावाचं धान्य, आणि गुरुवारी चर्चच्या गायनात सगळ्यात खालचा सूर. बायको मार्लीस सहा वर्षांपूर्वी गेली. मी शहरातल्या थिएटरात चाळीस वर्षं राण्या केल्या, दाया केल्या, एका नाताळात झाडही झाले. आणि माझ्या प्रत्येक नव्या नाटकाला तिसऱ्या रांगेत आन्टोन आणि मार्लीस असायचीच. नाटक पडलं तरी तो मागच्या दाराशी येऊन म्हणायचा, “गेर्डा, तुझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत आला.” पडलेल्या नाटकानंतर एवढं सांगणारा माणूस मिळणं फार मोठी गोष्ट असते.

आडनावाचं वेड त्याला वडिलांकडून आलं. आमच्या बोलीत पोगं म्हणजे बेडूक आणि होर्स्ट म्हणजे दलदलीतला झुडपांचा उंचवटा. त्या उंचवट्यावरच त्याचं शेत आहे. वडील सांगायचे, “चारशे वर्षं इथे आपलंच रक्त आहे. राजे बदलले, रक्त बदललं नाही.” आन्टोनने ते वाक्य छातीवर बिल्ल्यासारखं लावलं होतं.

वीब्केच्या वाट्याला मात्र त्यातला बेडूकच आला. शाळेत मागच्या बाकावरून डराव डराव चालायचं. बारा वर्षांची असताना ती माझ्या ओट्यावर येऊन म्हणाली होती, “गेर्डामावशी, लग्न केलं की नाव बदलता येतं ना? मग मी लवकर करणार.”

तीन आठवड्यांपूर्वी तिने वडिलांना सांगितलं, की लग्नानंतर ती श्मिट होणार. आन्टोनने काट्याने टोचलेला बटाटा परत ताटात ठेवला.

“येन्सला म्हणावं, तू पोगेनहोर्स्ट हो. कायद्याने चालतं.”

“त्याला नको आहे, पप्पा. आणि मलाही नको आहे.”

“मग शुक्रवारी मी येणार नाही.”

त्या दिवसापासून बापलेक एका छताखाली राहून बोलत नव्हती. वीब्के फ्रिजवर चिठ्ठी लावायची, ‘दूध आणलंय’. तो तिच्याखाली लिहायचा, ‘बघितलं’.

लग्नाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, आम्ही शेजारणी त्यांच्या दारावर हिरवा हार चढवत होतो. फरच्या फांद्या आणि शंभर कागदी गुलाब. शेजाऱ्यांनी हे करायचंच असतं, घरात काहीही चाललं असो. संध्याकाळी सगळा गाव जुन्या कपबश्या घेऊन शकुन म्हणून दारात फोडायला येणार होता. शिडीवरून मी खाली उतरले तर आन्टोन उंबऱ्यात उभा.

“गेर्डा, तुला जुनी लिपी वाचता येते.”

“आजीची पत्रं वाचून वाचून आली. का रे?”

“आत ये. येन्सला आणि त्याच्या आईलाही बोलावलंय. सगळ्यांसमोर वाच. मग बघू कोण काय नाकारतं ते.”

टेबलावर काळी पत्र्याची पेटी होती. आन्टोनने ती आयुष्यभर जपली होती, पण आतली लिपी त्यालाही लागत नव्हती, त्याच्या वडिलांनाही नाही. एका बाजूला वीब्के, तिच्याशेजारी येन्स, हाताला अजून लाकडाचा भुसा. त्याची आई रोस्विटा, नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. कॉफी ओतली होती, पण कपाला कुणी हात लावला नाही.

“येन्स,” आन्टोन म्हणाला, “तुझ्यावर माझा राग नाही. पण तू काय पुसायला निघालायस ते आधी ऐक.”

“मी काही पुसायला निघालो नाही. मी लग्न करायला निघालोय,” येन्स म्हणाला.

“ऐक म्हटलं ना.”

मी वरचा कागद उलगडला. सतराशे सत्त्याण्णव सालचा लग्नाचा करार. वधू आना पोगेनहोर्स्ट, शेताची वारस. वर हिंड्रिक ब्युशर, शेजारच्या परगण्यातला. मी मोठ्याने वाचत गेले: दोन गाई, एक पलंग, सहा चादरी. आणि पुढच्या ओळीवर माझा आवाज अडला.

चाळीस वर्षं लोकांसमोर उभं राहिलेल्या बाईला ओळ बदलून म्हणता येते. कुणाला कळलं नसतं. त्या लिपीत वाचणारी तिथे मी एकटीच होते. पण आन्टोन माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि माझ्या नाटकातला प्रत्येक विराम त्याला तिसऱ्या रांगेतून पाठ होता.

“काय लिहिलंय?”

“आन्टोन, आधी कॉफी घेऊया का?”

“लिहिलंय ते वाच.”

मी वाचलं. ‘वराने आपलं नाव या शेताच्या दाराबाहेर ठेवावं. आजपासून तो आणि त्याची मुलं पोगेनहोर्स्ट म्हणवली जातील.’



“म्हणजे?” रोस्विटाने विचारलं.

“म्हणजे नाव शेताचं,” मी म्हणाले. “जो शेतावर येईल तो पोगेनहोर्स्ट. पूर्वी आपल्याकडे तशीच रीत होती.”

“एकदाच झालं असेल,” आन्टोन म्हणाला. त्याने स्वतः पेटीतला दुसरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. सतराशे एकतीस. तेच. शेत मुलीकडे, बाहेरचा जावई, त्याचं नाव दाराबाहेर.

चारशे वर्षांचं बापाकडून मुलाकडे आलेलं रक्त दोन कागदांत संपलं. आन्टोन पोगेनहोर्स्ट खरं पाहता ब्युशर होता, आणि त्या ब्युशरच्या आधी आणखी कुणीतरी. मला वाटलं आता तो पेटी बंद करेल. पण त्याचे डोळे चमकले. ते बघून वीब्केने येन्सचा हात धरला, कारण बापाच्या डोक्यात काय आलं ते तिला माझ्याआधी कळलं.

“उलट बरंच झालं,” आन्टोन म्हणाला. “ऐकलंस ना, येन्स? रीतच आहे. मुलगी वारस, जावयाने नाव घ्यायचं. दोघांनी घेतलं. तू तिसरा.”

“पप्पा, ते वेठबिगार होते,” वीब्के म्हणाली. तीन आठवड्यांत ती त्याच्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. “जमीनदाराने सांगितलं म्हणून घेतलं. घेतलं नसतं तर शेत मिळालं नसतं.”

“तक्रार केल्याचं कुठे लिहिलंय? गेर्डा, लिहिलंय का कुठे?”

मी पहिल्या कराराच्या तळाशी बघत होते. मघाशी तिथपर्यंत मी पोहोचलेच नव्हते.

“एक ओळ आहे. पण खोडलेली आहे.”

“खोडलेली तर खोडलेली. वाच.”

शाई जाड होती, तरी खालचं दिसत होतं. ‘वराची विनंती: दुसरा मुलगा झाल्यास त्याला वराच्या वडिलांचं नाव, ब्युशर, लावू द्यावं. कारण वराला भाऊ नाही.’ त्यावर दोन आडव्या रेघा. बाजूला वेगळ्या हस्ताक्षरात दोन शब्द, ‘मान्य नाही.’ आणि त्याखाली वराची सही. सही करणाऱ्याने आधी ब्युशर असं अर्धं लिहिलं होतं, ते खोडून मग पोगेनहोर्स्ट. खोडलेल्या नावाचं अक्षर सराईत होतं. बाकीचं शाळेतल्या पोरासारखं.

मी कागद फिरवून आन्टोनसमोर धरला. लिपी लागत नसली तरी खोडलेलं कुणालाही दिसतं. त्याने त्या सहीवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

“भाऊ नाही,” तो पुटपुटला. मग येन्सच्या आईकडे वळून म्हणाला, “तुमचा हा एकटाच ना?”

“एकटाच,” रोस्विटा म्हणाली.

आन्टोन उठला, रबरी बूट चढवले आणि मागच्या दाराने चराकडे निघून गेला.

संध्याकाळी गाव आला, कपबश्या फुटल्या, कुणीतरी जुनं कमोडसुद्धा आणून आपटलं, आणि वीब्के-येन्सने रिवाजाप्रमाणे एकाच झाडूने सगळं लोटलं. बाप बाहेर आला नाही. लोकांनी माझ्याकडे पाहिलं, मी राय धान्याची दारू ओतत राहिले.

सकाळी येन्स गाडी चालवत होता, वीब्के त्याच्याशेजारी, मी मागे बसले होते. माझ्याशेजारची जागा आन्टोनची, रिकामी.

“मी घेतो तुमचं नाव,” येन्स एकदम म्हणाला. “म्हातारा मरेल नाहीतर. एका शब्दाचा तर प्रश्न आहे.”

“एका शब्दाचा असता तर तीन आठवडे तू झोपला असतास,” वीब्के म्हणाली. “तुझ्या आईला सांगितलंस?”

येन्सने गाडी दोनदा चुकीच्या गिअरमध्ये टाकली.

नोंदणी कार्यालयात टेनहागनबाई होत्या. आमच्या तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांनीच लावलीत. अकराला दोन मिनिटं होती. त्या म्हणाल्या, “थांबूया थोडं?” वीब्के म्हणाली, “नको. येणार नाही म्हणाले होते.” रोस्विटा पहिल्या खुर्चीवर बसून पुन्हा ती पर्स धरून होती.

अकरा वाजून सात मिनिटांनी दार उघडलं. आन्टोन सायकलने आला होता. नऊ किलोमीटर, काळ्या सुटात, पँटच्या पायाला अजून चिमटा लावलेला. तो शेवटच्या रांगेत बसला आणि कुणाकडे बघितलं नाही.

टेनहागनबाईंचं विचारून झालं, दोघांनी हो म्हटलं. मग कागद उलटला.

“नावाचा रकाना तुम्ही रिकामा ठेवला होता. काय लिहू?”

वीब्केने वळून वडिलांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला वाटलं, ही आता हरणार, आणि पुढची तीस वर्षं हरलेलीच राहणार. येन्सने खाकरून घसा साफ केला.

“पोगेन...”

“थांब,” मागून आवाज आला. तोच चर्चमधला सगळ्यात खालचा सूर.

टेनहागनबाईंचं पेन हवेत राहिलं. या खोलीत आक्षेप घेणारे बाप त्यांनी पाहिले असणार. आन्टोन उभा राहिला होता.

“तो माझ्याकडे बघून बोलतोय,” तो म्हणाला. “त्याला भिंतीकडे बघायला सांगा आणि मग विचारा, त्याला स्वतःला काय हवंय. हिलाही विचारा. आमच्या घरात आजवर हे कुणी कुणाला विचारलेलं नाही.”

“श्री. पोगेनहोर्स्ट, हा तुमचा आक्षेप आहे का?”

“नाही. विनंती आहे. लिहून घ्यायची नसेल तर नका घेऊ. फक्त खोडू नका.”

येन्स खरंच भिंतीकडे बघू लागला. तिथे राष्ट्राध्यक्षांचा फोटो होता, त्याच्याकडेच बघत तो म्हणाला, “श्मिट.” आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा म्हणाला.

“आणि तुम्ही?”

“श्मिट,” वीब्के म्हणाली, आणि मग रडली. बारा वर्षांची असल्यापासून मागितलेली गोष्ट मिळाल्यावर माणूस का रडतं, ते मला विचारू नका. मी नुसती रुमाल शोधत होते. सापडला तो मीच वापरला.

चार उरले. मी मनात मोजलं, आन्टोननेही मोजलं असणार. त्याचा चेहरा चरात उभा असताना असायचा तसा होता, थंडीने ताठ झालेला. पण तो खाली बसला नाही. सह्या होईपर्यंत उभाच राहिला.

जेवण खानावळीत होतं: गोमांसाचा रस्सा, बटाटे, लाल कोबी, मागून बटर केक. आन्टोनने आपली खुर्ची उचलून येन्स आणि त्याच्या आईच्या मध्ये आणून ठेवली. निम्मं जेवण झाल्यावर त्याने उरलेल्या रश्श्यात बटाटा कुस्करला आणि येन्सला विचारलं,

“तुम्ही श्मिट कुठले?”

“कुठले म्हणजे? श्मिट सगळीकडचे असतात.”

“सगळीकडचं कुणी नसतं. आजोबांचं गाव?”

येन्सने आईकडे पाहिलं.

“सासरे पूर्वेकडून आले होते, युद्धानंतर,” रोस्विटा म्हणाली. “गाव ते सांगायचे नाहीत. लोहारकाम यायचं त्यांना. आमच्या घरी त्यांचा एक हातोडा आहे, दांड्यावर काहीतरी कोरलंय. आम्हाला वाचता येत नाही.”

आन्टोनने खिशातून पेन्सिल काढली आणि मेन्यूच्या मागे लिहिलं, ‘हातोडा’. मग माझ्याकडे सरकवलं.

“गेर्डा, उद्या शनिवारी मोकळी आहेस?”

“पप्पा,” वीब्के म्हणाली, “देशात लाखांनी श्मिट आहेत. कुठवर शोधणार?”

“माहीत आहे,” आन्टोन म्हणाला. “म्हणूनच उद्याच सुरू करायचं. मला चौऱ्याहत्तर वर्षं झाली.”