धुळ्याच्या तारमास्तरांना पोच

लिहिताना इतका कंजूष आणि बोलताना इतका उधळ्या माणूस साऱ्या खानदेशात दुसरा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. धुळ्याच्या तारमास्तरांनी उभी नोकरी लोकांची लग्नं, बदल्या आणि मरणं चार-चार शब्दांत बसवण्यात घालवली. त्यामुळे पुढे ई-मेल आली तेव्हा तिथे शब्दाला पैसे पडत नाहीत, हे त्यांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. तोंडाला मात्र मीटर नव्हता. आमच्या घरी आले की "अक्का, चहा नको," अशी हिच्याजवळ सुरुवात करायचे. मग चहाला आपला विरोध कसा नाही, वडिलांना तो कसा चालायचा नाही, धुळ्यात दूध कसं पातळ झालंय, इथवर येईतो चहा उकळून कपात पडलेला असायचा. नकार तसाच अर्धवट ठेवून ते दोन कप घ्यायचे.

आमची ओळख झाली तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुलगा आणि सून नोकरीपायी पुण्यात, आणि त्यांची लेक मिनू आमच्याजवळ, जळगावला पिंप्राळ्यात. मुलाने कॉम्प्युटर आणून दिला होता. फोनच्या वायरीतून तो किंचाळत इंटरनेटला लागायचा आणि ही आतून ओरडायची, "आता कुणाचा फोन यायचा असला तर तो खिडकीतून यायचा का?" मुलानेच मला मराठी आईबापांच्या एका ई-मेल गटात घातलं. एकाने लिहिलेलं सगळ्यांना पोचायचं, तेही इंग्रजी अक्षरांत मराठी. बाळाला दात कधी, वरण कधी, शाळा कुठली, याच्या पानंच्या पानं चर्चा. त्यात एक गृहस्थ फक्त 'धुळे' अशी सही करायचे. बाळ रात्रभर रडतं म्हणून अमेरिकेतल्या एका आईने मोठं गाऱ्हाणं लिहिलं. खाली उत्तर आलं, "रडू द्या. फुप्फुसं वाढतात. धुळे." निम्मा गट खवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तार: "क्षमा. बाळ उचला. धुळे."

त्या माणसाला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. उन्हाळ्यात कूलरची हवा खायला ते धुळ्याच्या एका इंटरनेटच्या दुकानात बसायचे आणि तिथेच या गटात शिरले. हे त्यांनी नंतर मला स्वतःच सांगितलं. "नाना, आत जायच्या आधी कॉम्प्युटरने विचारलं, मुलं किती? मी शून्य टाकलं. म्हटलं, आता हाकलतील. तर घेतलं की! का नाही, कुणामुळे नाही, कुठल्या डॉक्टरला दाखवलं, काही विचारलं नाही. आमच्या गल्लीत असं कधी झालं नव्हतं."

मिनू तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. कान ठीक आहेत, वाट बघा, असं डॉक्टर म्हणत. सून फोनवर रडायची आणि ही फोन माझ्या हातात देऊन आत निघून जायची. शेवटी मी गटात लिहिलं. जगभरातून लांबलचक सल्ले आले. धुळ्याहून तीन शब्द: "पत्ता कळवा. येतो."

आणि रविवारी एसटीने आले. धुळे-जळगाव रस्ता सरळ, आमची ओळख मात्र अमेरिकेला वळसा घालून झाली होती. गाडीत कंडक्टर तिकिटाचा चिमटा दांड्यावर वाजवत होता, तर यांनी नाण्याने तारयंत्राच्या कट्ट-कडकट्ट भाषेत उलट वाजवून त्याला सांगितलं, "भाऊ, तुम्ही जे बोलले त्याला काही अर्थ लागत नाही." घरात आल्यावर मिनूकडे बघितलंसुद्धा नाही. टीपॉयवर बोटाने कट्ट, कडकट्ट, कट्ट करत बसले. ही मला आत बोलावून म्हणाली, "एवढे धुळ्याहून आले ते टीपॉय वाजवायला?"

ते मात्र हटले नाहीत. दर रविवारी यायचे, वाजवायचे, भरीत-भाकरी खाऊन जायचे. आणि एका रविवारी सोफ्याआडून वाटीवर चमच्याचा आवाज आला. कट्ट. मास्तर बोलता बोलता थांबले, हे मी प्रथमच पाहिलं. त्यांनी टीपॉयवर उत्तर दिलं. आडून पुन्हा कट्ट. मास्तरांची मराठी सुटली आणि अहिराणी आली, "नाना, पोर बोली राहिनी शे. तुमलेच आयकू येत नही!"

मग त्यांनी आम्हाला तार ऑफिसचा कायदा लावला. समोरच्या स्टेशनाने हाक दिली की पोच दिल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. मिनूने काही वाजवलं की आम्ही वाजवायचं, मग हिची पोळी करपो की माझा दाढीचा साबण वाळो. पावसाळाभर आमच्या घरात भांड्यांना उसंत नव्हती. पुढे मिनू वाजवताना घशातून आवाज काढू लागली. दसऱ्याच्या आदल्या रविवारी मास्तर दारात चपला काढत होते. ती धावत गेली, त्यांचं धोतर धरलं आणि वर बघून स्वच्छ म्हणाली, "कट्ट."

ते तिने त्यांना ठेवलेलं नाव होतं. तो तिचा पहिला शब्द.

"नाना" ती पुढच्या आठवड्यात म्हणाली. पण पुण्याला फोन करताना माझ्या तोंडून निघालं, "पहिला शब्द नाना म्हणाली." हिने हातातली वाटी टीपॉयवर आपटली आणि आत गेली. गटातही मी तेच लिहिलं. आजोबांच्या चिकाटीचं जगभर कौतुक झालं आणि ते मी घेतलं. धुळ्याहून उत्तर आलं, "नाना उत्तम शब्द. अभिनंदन. धुळे." त्याला मी पोच दिली नाही. मास्तर पुढच्या रविवारी नेहमीसारखे आले, चहा नको म्हणाले, दोन कप प्याले. पुढे बरीच वर्षं येत राहिले, पण त्या शब्दाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. इतकं बोलणारा माणूस!

मास्तर आता नाहीत. तो गटही केव्हाच बंद पडला. मिनू आता फोनवर आईचे कान किटवते. घरात अजून सांगतात, मिनूचा पहिला शब्द नाना. तो नव्हता. हे छापील असावं, म्हणून लिहितो आहे.

गेल्या महिन्यात ती आली तेव्हा आधी तिलाच सांगितलं. ही आतून म्हणाली, "सांगितलंत एकदाचं." मिनूने टीपॉयवर बोटाने काहीतरी वाजवलं आणि थांबली. त्याचा अर्थ तिलाही ठाऊक नसावा.

मी जागेवरून उठलो नाही. पोच दिली.